आगीच्या आधीचा लिलाव
नागपूरकर भोसल्यांच्या राजवाड्याची कहाणी

(भंडारा येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



२०२५ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक तलवार विक्रीस आली. पाते युरोपीय बनावटीचे, एकधारी. मुठीवर सोन्याची नक्षी. आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचे नाव व किताब - श्रीमंत राघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक पहिले रघुजीराजे ते हेच. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईला आणली. तिचे स्वागत झाले, वर्तमानपत्रांतून छायाचित्रे आली. आपल्या सर्वांना आनंद झाला आणि तो व्हावयासच हवा होता.

परंतु तलवार परत आली, तिचे घर कोठे आहे? हा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. नागपुरात महाल नावाचा भाग आहे. आपल्यापैकी अनेकांची नातलगमंडळी तेथे राहतात, लग्नाच्या खरेदीला आपण तेथे जातो. रिक्षावाल्याला 'महाल' म्हटले की तो नेमका नेऊन सोडतो. मात्र ज्या महालावरून त्या वस्तीला हे नाव पडले तो भोसल्यांचा जुना राजवाडा तेथे नाही. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाने नखशिखांत मढविलेला तो राजवाडा १८६४ साली आगीत भस्मसात झाला. मागे राहिला तो त्याचा भव्य दरवाजा. पाठ्यपुस्तकांत या आगीला एक ओळही नाही. शनिवारवाड्याची आग पुण्याबाहेरच्यांनाही ठाऊक असते. नागपूरच्या राजवाड्याची आग नागपुरातही फारशी कोणाला ठाऊक नाही.

आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की हा राजवाडा १८६४ साली जळाला खरा, पण त्याचा प्राण त्याच्या दहा वर्षे आधी, भर दिवसा, सरकारी हुकमाने काढून घेण्यात आला होता. आणि त्या गोष्टीशी भंडाऱ्याचा संबंध नाही असे कोणी समजू नये.

प्रथम राजवाड्याच्या आधीचे थोडे सांगतो. नागपूर हे शहर भोसल्यांनी वसविलेले नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास ते वसविले आणि त्याचा पुत्र चांद सुलतान याने त्याला तट घातला, तलाव बांधला. पुढे गोंड राजघराण्यात वारसाचा तंटा लागला, तो मिटविण्यास रघुजीराजांना पाचारण करण्यात आले आणि १७४३ पर्यंत राज्याची सर्व सूत्रे रघुजींच्या हाती आली. येथे एका गोष्टीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. राज्य हाती आल्यावर रघुजींनी गोंड राजा बुऱ्हाण शाह याला हाकलून दिले नाही. त्याचा राजा हा किताब त्याच्याकडेच राहिला, त्याला नेमणूक मिळाली, नागपुरातच त्याचा निवास राहिला आणि त्याचा मान दरबारात पाळला गेला. सत्ता भोसल्यांची, पण जुन्या राजाच्या गादीला धक्का नाही. हे केवळ औदार्य होते असे मी म्हणत नाही. त्यात राजकारणही होतेच. परंतु पराभूताचे घर मोडावयाचे नसते, ही समज त्या राजकारणाच्या तळाशी होती. एका शतकानंतर आलेल्या दुसऱ्या विजेत्याशी हिची तुलना करता येईल, म्हणून हे ध्यानात ठेवा.

रघुजींच्या फौजा पूर्वेला बंगालपर्यंत गेल्या. नागपुराहून पूर्वेकडे निघणाऱ्या कोणत्याही सैन्याला वैनगंगा ओलांडावी लागते. म्हणजे आपल्या या जिल्ह्याने त्या मोहिमा जाताना पाहिल्या आणि परतताना पाहिल्या. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने तहाच्या बोलण्याला बोलावून भास्करराम कोल्हटकर आणि त्यांच्या सरदारांची कत्तल केली. तरीही रघुजी हटले नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि बंगालच्या चौथाईचे बारा लक्ष रुपये पदरात पाडूनच ते थांबले. पुढची पन्नास वर्षे कटकच्या बाराबाटी किल्ल्यावर नागपूरचा अंमल होता, जगन्नाथपुरीच्या देवस्थानाची व्यवस्था नागपूरच्या अंमलदारांकडे होती आणि कोणार्कच्या भग्न सूर्यमंदिरातला अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर उभा राहिला तो याच काळात. पुरीला जाणारे आपले यात्रेकरू त्या स्तंभाला हात लावून नमस्कार करतात. त्यांच्या मागे वैनगंगेच्या काठची मराठी सत्ता उभी आहे, हे किती जणांना माहीत असते?

नागपूरचा राजवाडा या वैभवाची राजधानी होता. चौकामागून चौक, खाली काळा फत्तर आणि वर सागवानी खांब, तुळया, कणी, कमानी. मराठी वाड्याची ही रीतच होती. जोते आणि दर्शनी भिंती दगडाच्या, वरचे मजले लाकडाचे. लाकूड सुबक कोरता येते, वाकत नाही, शंभर वर्षे टिकते आणि एका ठिणगीत जाते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, नागपूरचा १८६४ मध्ये, पुण्याचाच बुधवारवाडा १८७९ मध्ये. पन्नास-एक वर्षांत तीन मोठे मराठी राजवाडे आणि तीन आगी. पेशवाई बुडाल्यावर बरोबर दहा वर्षांनी शनिवारवाडा गेला; नागपूरचे राज्य बुडाल्यावर बरोबर दहा वर्षांनी नागपूरचा वाडा गेला. याला योगायोग म्हणा. मला मात्र असे वाटते, की ज्या वाड्यात शेकडो माणसे रात्रंदिवस जागती असतात तेथे लागलेली आग चौकातच विझते. जेथे दिवे लावणारेच उरलेले नाहीत तेथे ती आढ्यापर्यंत पोहोचते.

आता ती माणसे कशी गेली ते पाहू.

दोष सगळा परक्यांवर टाकून मोकळे होणे सोपे असते. ते मी करणार नाही. नागपूर लुटण्यास इंग्रज पहिले आले नाहीत. १७६९ मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांच्या फौजेने हे शहर लुटले आणि मग कनकापूरला जानोजी भोसल्यांशी तह झाला. मराठ्यांनीच मराठ्यांची राजधानी लुटावी! पुढे १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर देवगावच्या तहाने कटक गेले, वर्धा नदीपलीकडचे वऱ्हाड गेले. खजिना आटला तेव्हा दुसऱ्या रघुजींनी रयतेवर इतके कर बसविले की प्रजा त्यांना 'मोठा बनिया' म्हणू लागली. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या तांदूळ पिकविणाऱ्या शेतकऱ्याने तो भार सोसला आहे. तो आपण विसरू नये. १८१६ मध्ये रघुजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी दुर्बल. कारभार पुतणे आप्पासाहेबांच्या हाती आला आणि आपली जागा पक्की करण्यासाठी त्यांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी आपल्या अंथरुणात मृतावस्थेत आढळले. संशय आप्पासाहेबांवर गेला. म्हणजे इंग्रज वाड्याच्या तटावर चढण्यापूर्वी वाड्याचा दिंडीदरवाजा आतून उघडला गेला होता.

तेच आप्पासाहेब पुढे इंग्रजांवर उलटले हे खरे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूरची लढाई झाली, राजे शरण गेले. परंतु शहर शरण गेले नाही. राजवाडा आणि आसपासचा भाग आप्पासाहेबांच्या पदरच्या अरब शिपायांनी धरून ठेवला. २४ डिसेंबरला जनरल डव्हटनने जुम्मा दरवाजावर हल्ला चढविला, तो त्यांनी परतविला. राजा इंग्रजांच्या छावणीत आणि त्याचे मीठ खाल्लेले परदेशी शिपाई त्याचा वाडा राखत आहेत! वर्षअखेरीस सन्मानाने बाहेर पडू देण्याच्या अटीवर ते निघून गेले. स्वामिनिष्ठेला जात-पंथ नसतो असे आपण म्हणतो, त्याचे हे उदाहरण आपल्याच इतिहासातले आहे.

आणि आपल्या भागाचे काय? आप्पासाहेब १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात शिरले, तेव्हा त्यांच्या बाजूने कामठ्याच्या चिमणा पाटलांनी उठाव केला. कामठा आज गोंदिया जिल्ह्यात मोडतो. १९९९ पर्यंत तो आपलाच होता. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठ्याचा किल्ला घेतला आणि उठाव मोडला. राजा डोंगरात, राजवाड्यावर इंग्रजांचा पहारा, आणि शंभर कोसांच्या आतला एक पाटील गादीसाठी उभा राहतो. चिमणा पाटलांचे नाव आपल्या शाळांतून घेतले जाते का, याचा शोध येथे बसलेल्या शिक्षकबंधूंनी घ्यावा. आप्पासाहेब पुढे लाहोर, जोधपूर असे भटकत १८४० मध्ये जोधपुरास वारले.

त्यानंतरची पस्तीस वर्षे तिसऱ्या रघुजींची. हे दत्तक आले, इंग्रजांच्या संमतीने गादीवर बसले आणि ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्राविना वारले. अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. स्वतः दत्तक आलेल्या राजाच्या मागे दत्तक नामंजूर करावयाचा, हा डलहौसीचा न्याय! नागपूरचा रेसिडेंट मॅन्सेल याने काही मार्ग काढावा असे सुचविले, त्याचे ऐकले गेले नाही. डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात आपला निर्णय लिहिला. त्या टिपणात वऱ्हाड-नागपूरच्या उत्तम कापसाचा उल्लेख आहे, इंग्लंडच्या गिरण्यांना तो कसा उपयोगी पडेल याचा विचार आहे. वारसाहक्काच्या चर्चेत कापूस कशासाठी, असा प्रश्न पडतो. आणि पडल्याबरोबर त्याचे उत्तरही मिळते. १३ मार्च १८५४ ला राज्य खालसा झाले.

येथपर्यंतची गोष्ट इतर संस्थानांसारखीच आहे. सातारा गेले, झाशी गेली, नागपूर गेले. पण यानंतर नागपुरात जे झाले त्याची हकीकत खुद्द एका इंग्रजाने, सत्तावनच्या युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन विल्यम के याने, लिहून ठेवली आहे, आणि ती वाचताना त्यालाही लाज वाटल्याचे जाणवते. राज्य घेतल्यावर कंपनीने राजाची खासगी दौलतही घेतली. राजवाड्यातले हत्ती, घोडे, उंट आणि बैल सीताबर्डीला नेऊन जाहीर लिलावात काढले. ४ सप्टेंबर ही लिलाव सुरू झाल्याची तारीख. पाच-सहाशे जनावरे, आणि सगळ्यांचे मिळून आले तेराशे पौंड. म्हणजे त्या काळचे सुमारे तेरा हजार रुपये! शंभर रुपये किमतीची, राणीच्या गाडीची बैलजोडी पाच रुपयांना गेली. हे मी पदरचे सांगत नाही. राण्यांनी गव्हर्नर जनरलकडे धाडलेल्या तक्रारअर्जातच ते नमूद आहे आणि तो अर्ज वाड्यातल्या कोणाच्या तरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेला आहे. केने तो तसाच छापला. इंग्रज वाचक त्या इंग्रजीला हसले असतील. मला ते वाचून हसू येत नाही. ज्या घराने बंगालची चौथाई घेतली त्या घरातल्या बायकांना एका बैलजोडीसाठी परक्या भाषेत अर्ज करावा लागतो, हे त्या मोडक्या वाक्यांत जसे उमटले आहे तसे कोणत्याही पोवाड्यात उमटलेले नाही.

मग सामानाची पाळी आली. दुसऱ्या रघुजींच्या पत्नी बांकाबाई त्या वेळी ऐंशीच्या घरात होत्या. घरातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन, अशी धमकी या वृद्धेने दिली, असे के लिहितो. सामान हललेच. भोसल्यांचे जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झाले आणि तेथे हॅमिल्टन कंपनीच्या दुकानी त्याची विक्री झाली. विक्रीचा पैसा भोसले घराण्याच्याच निर्वाहासाठी ठेवावयाचा आहे, असे सरकारचे स्पष्टीकरण होते. नोंद म्हणून तेही सांगावयास हवे. पण राज्य घेतल्याने लोक जेवढे दुखावले नाहीत तेवढे या लिलावाने दुखावले, असे के स्वतःच म्हणतो. तीन वर्षांनी देशभर भडका उडाला, त्याची कारणे मीरतच्या काडतुसांतच शोधणाऱ्यांनी सीताबर्डीच्या त्या बाजाराकडेही पाहावे.

सत्तावनमध्ये नागपुरातही टाकळीच्या घोडदळात कट शिजला होता, पण बांकाबाईंनी आपल्या माणसांना शांत राहण्यास बजावले. यावरून त्यांच्यावर टीका झालेली आहे. मी ती करू शकत नाही. ज्या बाईने सीताबर्डीच्या लढाईपासून खालसापर्यंत सारे पाहिले होते तिने उरलेल्या नातवंडांचे काय होईल याचा विचार केला असेल. १८५८ मध्ये त्या गेल्या. सत्तावनमधील या शांततेबद्दल सरकारने दत्तक घेतलेल्या जानोजींना देऊरचे राजेबहादूर असा किताब दिला. देऊर गाव सातारा जिल्ह्यातले! नागपूरच्या राजाला नागपूरचे नाव लावण्याचीही मुभा राहिली नाही. आणि त्यानंतर सहा वर्षांनी, १८६४ साली, बांकाबाईंनी दिलेली धमकी कोणाही माणसाच्या हेतूशिवाय खरी झाली.

आता भंडाऱ्याच्या दृष्टीने या लिलावाचा अर्थ पाहा. राजवाडा म्हणजे केवळ राजाचे घर नव्हे. तो एक मोठा गिऱ्हाईकही असतो. पागोटी, रेशीमकाठी धोतरे, शेले, लुगडी, पितळेची समई, परात, घागर, हत्तीच्या झुली, पालखीचे गोंडे... ही मागणी वर्षाचे बारा महिने असते आणि ती सणावाराला वाढते. राजा नेसतो ते सरदार नेसतो, सरदार नेसतो ते पाटील नेसतो. पवनी, आंधळगाव, मोहाडीच्या कोष्टी बांधवांचे माग आणि भंडाऱ्याच्या कासारांची भट्टी या साखळीवर चालत होती. १८५४ मध्ये त्या साखळीची वरची कडी निखळली. १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी आली आणि तिच्यातून विलायती कापड उतरले; १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ती स्वदेशी होती, तिचा अभिमान आहेच, पण हातमागाला गिरणी कोणाची याने फरक पडत नाही. आंधळगावचे कोसा कापड तरीही तगून राहिले, हे विणकराच्या चिकाटीचे श्रेय. त्यात राजाश्रयाचा वाटा १८५४ नंतर शून्य आहे. गिरणी, आगगाडी, विलायती कापड यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पाच रुपयांत गेलेल्या त्या बैलजोडीपासून या ऱ्हासाचा हिशेब कोणी मांडावा असे मला फार दिवस वाटत आले आहे.

महालातली आणखी एक जागा सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. भोसल्यांचे सरदार मोहिते यांचा वाडा याच भागात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तोही पडझडीला आला होता. भिंती ढासळलेल्या, चौकात रान माजलेले. १९२५ च्या विजयादशमीला डॉ. हेडगेवारांनी संघ सुरू केला आणि दुसऱ्या वर्षी त्याची शाखा या मोहिते वाड्याच्या पटांगणात भरू लागली. स्वयंसेवकांनी स्वतःच्या हातांनी ते रान काढले. पुढे ती जागा काही काळ सोडावी लागली तेव्हा राजे लक्ष्मणराव भोसल्यांनी आपल्या हत्तीखान्याची जागा दिली. ज्या हत्तीखान्यातले हत्ती सीताबर्डीच्या बाजारात मातीमोल गेले, त्या हत्तीखान्याच्या अंगणात शाखेची मुले खेळली. मोहिते वाडा आज नाही. त्या जागी डॉ. हेडगेवार भवन आहे. वाडा गेला याचे दुःख करीत बसण्यापेक्षा जागा वापरावी, हा डॉक्टरांचा स्वभाव होता. परंतु वाड्याचे नाव मात्र स्वयंसेवकांनी टाकले नाही. आजही संघस्थानाचा उल्लेख मोहिते वाडा असाच होतो.

आपल्या जिल्ह्यात अंबागड आहे, सानगडी आहे, पवनीचा तट आणि खंदक आहे. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले आणि मौर्यकाळाइतके जुने स्तूप निघाले, तेव्हा जग तेथे आले. अंबागडावर बख्त बुलंदाच्या अंमलदाराने बांधलेले बुरूज आहेत, भोसल्यांच्या काळात तेथे कैदी ठेवीत. त्याच्या पायथ्याशी जाणारे बहुतेक जण सहलीचे डबे घेऊन जातात. माझी तक्रार डब्यांबद्दल नाही. गावोगावच्या जुन्या मालगुजारांच्या आणि पाटलांच्या वाड्यांबद्दल आहे. दर वर्षी एखादा पडतो. सागवानी खांब शहरातल्या हॉटेलांच्या सजावटीला जातात, कोरीव दरवाजा जुन्या वस्तूंचा व्यापारी नेतो. ही विक्री कोणी लादलेली नाही. खांबाची किंमत तरी येते. माळ्यावरच्या पेटाऱ्यातल्या मोडी कागदांची किंमत कोणालाच कळत नाही, म्हणून ते रद्दीत जातात किंवा चुलीत जातात.

नागपूरकर भोसल्यांची जी बखर आज आपल्या हाती आहे ती काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली, आणि ती लिहवून घेतली रेसिडेंट जेंकिन्सने. म्हणजे आपल्या राजघराण्याचा इतिहास लिहून ठेवावा ही गरज परक्या अधिकाऱ्याला आधी वाटली. पुढे यादव माधव काळे यांनी १९३४ मध्ये 'नागपूर प्रांताचा इतिहास' लिहून ही उणीव बरीच भरून काढली. पण काळ्यांच्या वेळी जे कागद बाहेर आले नव्हते ते तुमच्या घरांत आहेत. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखांदूर, पवनी या भागांतल्या ज्या घरांत सनदा, वतनपत्रे, वसुलाच्या वह्या असतील त्यांनी त्या निदान उघडून, वाळवून, कोरड्या कपड्यात बांधून ठेवाव्यात. वाळवी लागलेले पानही फेकू नये. नागपुरात विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून काम करीत आहे, मोडी वाचणारी मंडळी आहेत. कागद त्यांना देऊन टाका असे मी म्हणत नाही. छायाचित्रे काढू द्या, मूळ कागद तुमच्याच घरी राहू द्या. आज सभा संपल्यावर ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी दाराशी बसलेल्या कार्यकर्त्यांकडे गावाचे नाव तेवढे लिहून ठेवावे.